गोळीचा वानवळा

१४ मार्च, गुरुवार

किती रक्त पाहिजे ह्या लोकांना एका टीचभर लेकराचं? बीडच्या दवाखान्यात जन्मली तेव्हाच टाचेला सुई टोचून कागदावर थेंब घेतले होते, ते काय वाटेत सांडले? आता म्हणे बाळाला घेऊन बीडला या, पुन्हा तपासायचं आहे. फोनवर फोन. फोनवर भागलं नाही म्हणून आज आमच्या गावची आशाताई सरस्वती ऊन डोक्यावर घेऊन चारा छावणीत आली. मी म्हणलं, "बाई, तुला कागद भरायचे असतात, मला जनावरं सांभाळायची हायेत. मी बीडला गेल्यावर हजेरीला कोण उभं राहणार? तुझी सासू?"

छावणीचा कायदाच तसा आहे. रोज सकाळी जनावरापाशी घरचं माणूस उभं पाहिजे, जनावराच्या कानातला बिल्ला आणि माणसाचं तोंड दोन्ही मोबाईलात आलं की मगच त्या दिवसाचा चारा. माझ्या दोन म्हशी, एक गाय. मालक गावात घर राखत बसलेत. पोरगा बिभीषण साताऱ्याकडं कारखान्यावर ऊस तोडतोय. सून कावेरी ओली बाळंतीण. तिचे आईबाप पण तिकडंच तोडीला, म्हणून पहिलं बाळंतपण असून माझ्याच गळ्यात. गावात टँकर आठ-आठ दिवस येत नाही, छावणीत हौद रोज भरतो, म्हणून तिला घेऊन इथंच जाळीखाली राहते.

आणि लेकराला झालंय काय? काही नाही! असं गुणाचं पोर मी पाहिलं नाही. रडणं नाही, किरकिर नाही. दूध पाजायला उठवावं लागतं. जिभेचं टोक जरासं बाहेर, जशी गूळच चाखतीय. अंगावर थोडा पिवळेपणा आहे, कोवळं ऊन दाखवते. बेंबी फुगते, त्यावर रुपया ठेवून फडकं बांधलंय. दोन-दोन दिवस शी नाही, म्हणजे दुपटी धुवायची कटकट नाही. पाण्याच्या दुष्काळात अजून काय पाहिजे?

शेजारच्या दावणीची वच्छलाबाई येऊन बघून गेली. ती गरीब बाई, चार शब्द बोलली तर लई. म्हणाली, "आमची मुक्ता बी जन्मली तवा अशीच गुणाची होती गं." मुक्ता तिची नात. आईबाप तोडीला, ही आजीपाशी. देवाचं लेकरू आहे ते, तेरा-चौदा वर्षांची असंल पण दिसते सहा-सात वर्षांची. दिवसभर म्हशीच्या सावलीला बसून राहते.

ही डायरी दूध संस्थेनं वाटलेली. पहिल्याच पानावर चेअरमन बद्रीनाथआण्णा हात जोडून हसतोय. छावणी पण त्याच्याच संस्थेची. आजपासून रागाचं सगळं हिच्यात लिहिणार. म्हशीला सांगून काही उपयोग होत नाही.

१७ मार्च, रविवार

कावेरी दोन दिवस तोंड फुगवून आहे. बीडला जाऊ म्हणते. म्हणलं, सोमवारी हजेरी सक्त आहे, मंगळवारी चाऱ्याला उसाचे वाढे येणार आहेत, बघू पुढच्या आठवड्यात. तर म्हणते, "आत्या, तिचा आवाज ऐकलाय का तुमी? घोगरा येतोय. आणि पाय गार लागतात, ह्या उन्हात."

म्हणलं, "तुझं पहिलटकरणीचं काळीज हाय, त्याला काय बी ऐकू येतंय."

गप बसली. ती गप बसली की मला बरं वाटत नाही. उलटं बोललेलं परवडतं.

१९ मार्च, मंगळवार

गेली! मला न विचारता गेली. मी हौदावर असताना लेकरू पदराखाली घेऊन दुधाच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसली आणि बीडला गेली. वच्छलाबाईच्या हाती निरोप, "आत्याला म्हणावं गाईचं दूध काढलंय, भाकरी दुरडीत हाय."

एवढा संताप आला की गाईलाच शिव्या घातल्या. ओली बाळंतीण सून, डोक्याला फडकं नाही, मांजरसुंब्यापर्यंत रस्ता सगळा खड्ड्याचा, आणि गावभर लोक काय म्हणतील, छबुबाईनं सुनेला छावणीतून हाकललं. एकटीनं तिन्ही जनावरांचं पाणी, शेण, वाढे केलं. कंबर धरली.

येऊ दे.

२१ मार्च, गुरुवार

काल होळी होती. छावणीत जाळ करू दिला नाही, गंजीला आग लागंल म्हणून. कावेरी कालच संध्याकाळी परत आली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "आत्या, आधी हिला गोळी देऊ द्या, मग मारा." एक रात दवाखान्यात राहिली ती, लेकराला मांडीवर घेऊन, फरशीवर. डॉक्टरीण म्हणाली म्हणे, लेकराच्या गळ्यातली गाठच नीट तयार झाली नाही, रोज गोळी, जन्मभर.

जन्मभर! महिन्याच्या आतल्या पोरीला! हे डॉक्टर लोक एकदा गिऱ्हाईक धरलं की सोडत नाहीत. उद्या मीच जाते. हजेरीला कावेरीला उभी करते आणि त्या डॉक्टरणीला विचारते, माझी नात काय तुमच्या बापाची दुभती म्हैस आहे का म्हणून.

२२ मार्च, शुक्रवार

जाऊन आले. झालेलं सगळं लिहिते.

डॉक्टरीण लहानच आहे, बिभीषणच्या वयाची. नीला मॅडम म्हणतात. दाराशी लेकरांची ही गर्दी. बाई उभ्यानंच शेंगदाणे तोंडात टाकत होती, एका हातानं लेकराचं पोट दाबत, आणि तिकडं शिपायावर ओरडत होती, "कागद हरवला म्हणता? तुमचा पगाराचा कागद हरवतो का कधी?" मला तिथंच ती आवडली. पण मी काही मऊ पडले नाही. नंबर आला तसं म्हणलं, "माझी नात रडत न्हाई, त्रास देत न्हाई, आन तुमी तिला आजारी ठरवता?"

तिनं खुर्ची दिली. विचारलं, "कुठल्या आजी तुम्ही?"

"पाटोद्याकडची. माहेर धर्मापुरी."

"धर्मापुरी? अहो, विरुपाक्ष वाण्याचं दुकान माहिताय का देवळापाशी? त्यांची मी मुलगी."

आता त्या दुकानातून मी लहानपणी गोळ्या-बिस्किटं आणलेली. म्हातारा कधी मापात मारायचा नाही. तरी म्हणलं, "बापाचं नाव मोठं हाय, पन माझ्या सवालाचं उत्तर द्या."

ती म्हणाली, "आजी, ती शांत नाही, ती थकलेली आहे. रडायलाच अंगात बळ नाही तिच्या. गळ्यात एक गाठ असते, तिच्यातून एक रस सुटतो. त्याच्यावर लेकराची वाढ, ऊब, पोट, मेंदू सगळं चालतं. हिच्यात तो रस नाही. आपण तो गोळीतून द्यायचा. बाकी लेकरू चांगलं आहे, शिकेल, लग्न होईल, तुमच्यासारखं भांडेल."

"आन न्हाई दिली गोळी तर?"

तिनं हातातले शेंगदाणे टेबलावर ठेवले. मग म्हणाली, "सुरुवातीचे महिने गेले की मेंदूचं नुकसान भरून येत नाही. उंची खुंटते. जीभ जड, बोलणं थोडं, अंग कोरडं. दहा वर्षांचं लेकरू पाचाचं दिसतं. लोक म्हणतात देवाचं आहे, गुणाचं आहे, एका जागी बसतं."

माझ्या डोळ्यापुढं म्हशीची सावली आली.  

निघताना तिनं सांगितलं, "तुमची सून वेळेवर आली. फोन केलेल्या किती जणी येतच नाहीत." मी म्हणलं, "येनार कावून न्हाई? माझीच सून हाय ती." खोटं कशाला, आले तेव्हा तिची मानगूट धरायच्या बेतानं आले होते. जाताना कावेरीसाठी द्राक्षं घेतली.

६ एप्रिल, शनिवार, पाडवा

आज पहाटे सगळी दावण उठली. मैना रडली! बारसं झालं नाही पण मी मैनाच म्हणते. अशी रडली की म्हशी खुंट्याला हिसके द्यायला लागल्या. पलीकडच्या ओळीतून धोंडीराम ओरडला, "छबुबाई, लेकरू हाय का भोंगा?"

म्हणलं, "भोंगाच हाय, उठ बे, पाडवा हाय!"

कावेरी रोज पहाटे चमच्यात गोळी चुरते, आपल्याच दुधाचे थेंब घालते आणि मैनेला चाटवते. त्यानंतर अर्धा तास काही पाजत नाही. पोर बोंबलते तरी पाजत नाही. मी असते तर पाजलं असतं. काल तिनं रक्त पण तपासून आणलं, मॅडम खूश. पिवळेपणा गेला, बेंबीवरचा रुपया मॅडमनं काढून टाकायला लावला, बेंबी आपोआप आत जाते म्हणाली. मैना आता माझ्याकडं बघते आणि हसते.

आज मान्य करते. त्या दिवशी कावेरीनं माझं ऐकलं असतं तर माझी मैना गेली होती. म्हणजे जिवंत असती, पण हातची गेली असती. पोरगी धाडसाची निघाली. हे तिला सांगायचं नाही, डोक्यावर बसंल.

२२ एप्रिल, सोमवार

आता पहाटेची धार कावेरी काढते, कारण तिचा हात हलका आहे, आणि मैनेची गोळी माझ्याकडं आली. मॅडमनं सांगितलं तसंच देते.

पण एक केलंय. वच्छलाबाई परवा मुक्ताचे केस विंचरत होती. केस कसले, कडबा. मैनेचे बघा, मऊ झाले. माझ्याच्यानं बघवेना. आमच्याकडं कुणाच्या शेतात नवीन काही आलं की शेजारी वानवळा जातो, बोरं असो, हुरडा असो. एकटं खाल्लेलं पचत नाही. छावणीत तर एकीच्या तव्यावरची भाकरी दुसरीच्या ताटात. मग गोळीचं का नाही? आज गोळी मधोमध मोडली. अर्धी मैनेला, अर्धी मुक्ताला गुळाच्या खड्यात. वच्छलाबाईला म्हणलं, ताकदीचं औषध आहे. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली.

मैना आता चांगली धडधाकट आहे. अर्ध्यानं तिचं काय अडतंय. आणि मुक्ताला एवढ्या वर्षांत कुणी काही दिलंच नाही.

४ मे, शनिवार

बिभीषण आला तोडीवरून. आल्या आल्या पोरीला उचललं, तर ती त्याच्या मिशीला लटकली. लोकांनी त्याला तिकडं भरवलं होतं की पोरगी खुळी निघणार. म्हणाला, "माय, ही खुळी हाय तर मग शानं कोन हाय?"

मुक्ता काल हौदापर्यंत स्वतः चालत गेली. गोळीचा गुण येतोय असं मला वाटतंय. वच्छलाबाई मला भाजी आणून देते रोज. मी पण वाढवते अंग, खाऊन.

१३ मे, सोमवार

मैना शहाणी झाली. रडणं कमी झालं, दुपारची झोपते ती दिवेलागणीला उठते. उन्हाळ्यात लेकरं झोपाळू होतातच. कावेरी म्हणते पुन्हा शी होत नाही दोन दिवस. म्हणलं, दूध अंगी लागतंय.

ती माझ्याकडं बघत राहिली. तशी बघते ते मला आवडत नाही.

१७ मे, शुक्रवार

रक्ताची तारीख होती. मी आणि कावेरी दोघी गेलो, हजेरीला बिभीषण. मॅडमनं कागद बघितला आणि कावेरीवर कडाडली. "गोळ्या चुकवल्या! मागच्या वेळी इतकं छान होतं!"

कावेरीच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, "न्हाई हो मॅडम, एक बी दिवस चुकला न्हाई. आत्या रोज देतात."

माझ्यासाठी सून शिव्या खाणार आणि मी गप बसणार, असल्या जातीची मी नाही. म्हणलं, "तिला कावून बोलता? मी मोडून देत होते. अर्धी दुसऱ्या पोरीला देत होते."

मॅडमनं पेन टेबलावर आपटलं. "आजी! ही काय शेवयांची ताटली आहे का वाटायला? हिच्या अंगाला पुरेल तेवढाच रस त्या एका गोळीत आहे. अर्धा दिला म्हणजे हिला उपाशी ठेवलं तुम्ही. आणि त्या पोरीला न तपासता दिली, तिच्या काळजाला ताण पडला असता म्हणजे?"

मी म्हणलं, "तिला बगून मला ऱ्हावलं न्हाई. बाई, तुमी त्या दिवशी जे सांगितलं ना, ती पोरगी माझ्या शेजारी बसलीय. ह्याच दुष्काळात, ह्याच छावणीत."

तशी मॅडमनं हात पुढं केले. मैनेला मांडीवर घेतलं, तिच्या जिभेला बोट लावलं, पाय दाबले. म्हणाली, "हिला लवकर सापडलं, भरून निघेल. उद्यापासून पूर्ण गोळी, आणि देणार कावेरी. तुम्ही हात लावायचा नाही." मग म्हणाली, "त्या पोरीला घेऊन या. सोमवारी. वाट बघते."

 परतताना मांजरसुंब्याला गाडी थांबली तेव्हा कावेरी खाली उतरून चहा घेऊन आली, माझ्या हातात एक कप दिला आणि म्हणाली, "आत्या, वानवळा द्यायचा तर आपल्या ताटातला द्यावा. लेकराच्या ताटातला न्हाई."

मला आयुष्यात कुणी असं बोललेलं नाही. चहा पिऊन टाकला. गोड होता.

२० मे, सोमवार

वच्छलाबाई आणि मुक्ताला घेऊन गेले. मुक्ताला गाडी लागली, माझ्याच अंगावर ओकली. असो.

मॅडमनं तिला खूप वेळ तपासलं. घाई केली नाही, बाहेर गर्दी ओरडत होती तरी. मुक्ताचा हात हातात घेऊन तिच्याशीच बोलत होती, आमच्याशी नाही. "तुझी म्हैस कुठली गं? काळी का भुरी?" मुक्ता म्हणाली, "भुली." तिचा आवाज मी कितीतरी दिवसांनी ऐकला.

मग मॅडमनं खरं खरं सांगितलं. रक्ताचा कागद आला की हिचीही गोळी सुरू करायची, थोडीथोडी वाढवत. पोट सुटंल, अंगात ऊब येईल, थोडी उंची पण वाढेल, उठंल-बसंल. "पण डोक्याची जी वाढ तेव्हा राहिली, ती आता पूर्ण येणार नाही. मी खोटी आशा लावत नाही, मावशी."

वच्छलाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. पुन्हा गुंडाळलं. मग विचारलं, "म्हंजी जन्मली तवा ही गोळी दिली असती, तर?"

मॅडम म्हणाली, "तर मैनेसारखी झाली असती."

"आन कळलं कसं असतं?"

"टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून."

"तेवढ्यावरूनच?"

"तेवढ्यावरूनच."

वच्छलाबाई रडली नाही. मी रडले, दारामागं जाऊन. बाहेर आले तर ती मुक्ताला रसवंतीवर उसाचा रस पाजत होती, आणि एक गिलास मॅडमला आत पाठवून दिला. त्या बाईला मी इतके दिवस मुकी समजत होते. माझ्यात तेवढी ताकद नाही. मी असते तर तो गिलास कुणाच्या तरी डोक्यात घातला असता.

निघताना मॅडमला विचारलं, मग सगळ्याच लेकरांचा थेंब का घेत नाहीत? म्हणाली, ह्या दवाखान्यात जन्मलेल्यांचा ती घेतेच. पण खेड्यांत, उपकेंद्रांत जन्मणाऱ्यांचा थेंब नर्स घेईल, ती शिकवायला तयार आहे. कागदावर वाळवलेलं रक्त दोन दिवसांत बीडला पोचवणार कोण? एसटीवाला घेत नाही, टपाल रेंगाळतं.

मी म्हणलं, "पोचवनार कोन म्हंजी?" आणि तिथंच मला आठवलं, कावेरी कशात बसून गेली होती.

२५ मे, शनिवार

मैना आज पुन्हा कडाडून रडली. कावेरीनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. बास.

मग आम्ही तिघी चेअरमनकडं गेलो. मी, कावेरी, वच्छलाबाई. बद्रीनाथआण्णा चाऱ्याच्या काट्यापाशी खुर्ची टाकून बसला होता. मी सगळं सांगितलं. दुधाची गाडी रोज गावागावांतून दूध गोळा करून बीडला जाते. ड्रायव्हरनं उपकेंद्रातून एक पाकीट घ्यायचं आणि दवाखान्यात मॅडमच्या टेबलावर ठेवायचं. एवढंच. कागद आहे तो, बर्फ लागत नाही, जागा लागत नाही.

आण्णा हसला, डायरीतल्या फोटोसारखा. "छबुबाई, काम चांगलंय. पन हे संस्थेच्या पोटनियमात बसत न्हाई. आपली संस्था दुधाची हाय, रक्ताची न्हाई. ठराव घ्यावा लागंल. वार्षिक सभेत मांडू."

"सभा कवा?"

"दिवाळीच्या आसपास."

मी तोंड उघडलं होतं. पण बोलली वच्छलाबाई. आवाज तोच, हळू. म्हणाली, "आण्णा, आठ दिसांखाली माझी म्हैस व्याली. तिसऱ्या दिशी तुमचा मानूस आला, रेडकाच्या कानात बिल्ला मारला, सुई टोचली, मोबाईलात नाव घातलं. ते पोटनियमात बसलं. माझ्या मुक्ताच्या टाचेला कुनी सुई लावली न्हाई. ते कंच्या नियमात बसलं न्हाई, तेवढं दाखवा. मला वाचता येत न्हाई, छबुबाई वाचंल."

 आण्णानं टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाला, "बघतो."

बघतो म्हणजे काय, हे पाण्याच्या टँकरच्या वेळेला आम्ही बघितलंय. म्हणून जे तोंडावर बोलले तेच इथं, तुमच्याच संस्थेच्या डायरीत, तुमच्याच फोटोच्या मागं लिहून ठेवते.

आण्णा, मंगळवारी तहसीलची माणसं जनावरं मोजायला येणार हायेत, त्या मोजणीवरच छावणीला सरकारचा पैसा मिळतो. ह्या ओळीतल्या आणि पलीकडच्या ओळीतल्या बायकांशी माझं बोलणं झालंय. उत्तर आलं नाही तर मंगळवारी पहाटे आम्ही सगळ्याजणी आपापली जनावरं सोडून माळावर चारायला नेणार. माळावर काडी नाही हे आम्हाला ठाऊक आहे. पण बिल्ले मोजायला आलेल्यांना तुम्ही काय दाखवणार, ते तुम्ही ठरवा.

दुधाच्या गाडीत लेकरांच्या रक्ताचं पाकीट जाणार का नाही? दिवाळी नको, सभा नको, बघतो नको. सोमवारी सकाळी, हजेरीचा फोटो काढायच्या आधी, वच्छलाबाईच्या दावणीपाशी येऊन मुक्ताच्या समोर सांगा. हो, का न्हाई?